नानांनी दाबलेलं बटन

२०२३ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी नानांनी खंडोबाचा बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि त्या शपथेला जामीन म्हणून मी उभा राहिलो. या वयात कुणाला जामीन राहू नका, असं मंडळीने कितीदा बजावलं होतं. पण मी मंडळीचं ऐकत नाही. पन्नास वर्षं ऐकलं नाही, आता काय ऐकायचं.

नाना म्हणजे आमचे राज्यसभेचे खासदार. परवा ते गेले. पेपरात पानभर फोटो आले, वर मोठ्या अक्षरात ‘अजातशत्रू नेतृत्व’. मी चौथी शिकलेला, बारीक अक्षर माझ्या डोळ्यांना आणि शिक्षणाला दोघांनाही झेपत नाही, म्हणून मोठं तेवढं वाचलं. अजातशत्रू म्हणजे काय, ते पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, ज्याला कुणी वैरी नाही असा. बरोबर छापलंय. वैरी व्हायला माणसाला आधी कुठंतरी एका बाजूला उभं राहावं लागतं.

पेपरवाल्यांकडे नानांचे फोटो असतील. माझ्याकडे त्यांचा आवाज आहे. नाशिकरोडला माझी साउंड सर्व्हिस. चार भोंगे, दोन माइक, एक मशीन आणि एक टेम्पो, एवढ्यावर मी संसार केला, दोन पोरींची लग्नं केली आणि कुणापुढे हात पसरला नाही. लग्न, कीर्तन, दशक्रियेचं प्रवचन, सभा, सगळीकडे माझा भोंगा. नाना साधे कार्यकर्ते होते तेव्हापासून त्यांच्या सभेला मीच. त्यामुळे त्यांचं भाषण त्यांच्या बायकोने ऐकलं नसेल एवढं मी ऐकलंय.

नाना बोलायला उठले की आधी माइकला तीन टिचक्या मारायचे. मी किती वेळा सांगितलं, नाना, आत नाजूक पडदा असतो, टिचकी मारू नका. मग ते पुढच्या सभेत टिचकीऐवजी फुंकर मारायचे आणि त्याच्या पुढच्या सभेत दोन्ही. कुणालाही नाराज करायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. चहा साखरेचा आणू का बिनसाखरेचा, असं विचारलं तर म्हणायचे, ‘दोन्ही आणा.’ मग अर्धा हा प्यायचे, अर्धा तो. खिशाला दोन पेनं लावायचे, एक निळं, एक काळं. त्यांतल्या एकाने तरी त्यांना लिहिताना मी पाहिलं नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. समोरचा काहीही बोलला की डोळे मिटून मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. आता त्यांचंही ऐकून घेऊ.’ ते म्हणजे कोण, हे शेवटपर्यंत कुणाला कळायचं नाही.

एकदा लोकसभेला उभे राहिले आणि पडले. तेव्हा पक्षाने त्यांना राज्यसभेवर पाठवलं. तिथं लोक मत देत नाहीत, आमदार देतात. त्यामुळे झालं काय, की नाना कुठल्याच गावाचे नव्हते आणि सगळ्या गावांत जाऊन बोलायला मोकळे होते. देशाच्या कुठल्याही धोरणावर बोलायचे. कोळसा, कांदा, नद्या, सीमा, शिक्षण. आणि एका धोरणावर एकच मत असावं, असा त्यांचा हट्ट नव्हता.

कळवणची गोष्ट सांगतो. कांद्याची निर्यात बंद होणार अशी हवा होती. सकाळी कळवणला शेतकऱ्यांचा मेळावा. नाना उठले, तीन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, निर्यात एक दिवस जरी बंद झाली तरी मी दिल्ली डोक्यावर घेईन. कांदा जगात गेलाच पाहिजे. लोकांनी टोप्या उडवल्या. मी भोंगे उतरवले, टेम्पोत टाकले आणि नाशिकला कॉलेज रोडला आलो, कारण संध्याकाळी तिथं एका सोसायटीत महिलांचा कार्यक्रम होता. वक्ते नानाच. तिथं नाना म्हणाले, माझ्या भगिनींच्या घरातला कांदा महाग होत असेल, तर तो बाहेर कशाला जाऊ द्यायचा? आधी आपलं ताट. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

माइक एक, माणूस एक, कपडेसुद्धा सकाळचेच. कळवणची धूळ पायजम्याला तशीच होती. वायर गुंडाळताना मी विचारलं, नाना, यातलं खरं कुठलं धरायचं? त्यांना राग आला नाही. त्यांना राग कधी येतच नसे. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘सुदाम, कांदा कळवणला पिकतो आणि कॉलेज रोडला शिजतो. आपण दोन्हीकडचे.’

पुढे निर्यात बंद झाली. तेव्हा कळवणच्या लोकांना आठवलं, की त्या मेळाव्यात नाना असंही म्हणाले होते, बंद झाली तर राजीनामा देईन. लोक आले विचारायला. नाना पेपरवाल्यांसमोर शांतपणे म्हणाले, मी ‘गरज पडल्यास’ देईन म्हणालो होतो. ते दोन शब्द माइकने खाल्ले. माइक बिघडलेला होता.

हे मला पानाच्या टपरीवर कळलं. मी तसाच सायकल काढून नानांच्या बंगल्यावर गेलो. म्हटलं, नाना, माझ्या मशीनने आजवर एक अक्षर खाल्लेलं नाही. माझ्या बापाबद्दल बोला, चालेल, मशीनबद्दल बोलू नका. नाना हसले, मला बसवलं, दोन्ही चहा मागवले आणि म्हणाले, ‘अरे, मशीनला कुठं अब्रू असते?’

मशीनला नसेल, मला आहे. त्या दिवसापासून नानांचं एकूण एक भाषण मी भरून ठेवायला लागलो. आधी कॅसेटवर, मग पेनड्राइव्हवर. चिठ्ठीवरचं बारीक मला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला रंगीत दोरा बांधला. पिवळा दोरा कळवणकडचा, निळा इगतपुरीचा, लाल नाशिक शहराचा. सगळे दोरे बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात. मंडळी म्हणायची, दुसऱ्याची थुंकी कशाला साठवता. मी म्हणायचो, असू दे.

निळ्या दोऱ्याची गोष्ट तर बघण्यासारखीच होती. इगतपुरीला पाऊस कसा पडतो ते जगाला माहीत आहे, नानांनाही होतं. तरी त्यांनी भर आषाढात उघड्यावर सभा लावली. विषय होता नद्या जोडायचं केंद्राचं धोरण. तिकडच्या लोकांना ते मंजूर नव्हतं. आमच्या उशाशी धरणं आणि पाणी सगळं भलतीकडे, असं त्यांचं म्हणणं, आणि तेच ऐकवायला ते आले होते. मी भोंग्यांना प्लॅस्टिक बांधलं, मशीन टेम्पोच्या केबिनमध्ये ठेवलं. समोर नुसत्या छत्र्या. नानांच्या डोक्यावर एकाने छत्री धरलेली. नाना पंधरा मिनिटं बोलले, त्यात निम्मं पावसाने नेलं. मग म्हणाले, या धोरणाला ज्यांचा पाठिंबा असेल त्यांनी हात वर करावेत.

आता छत्री धरलेला हात खाली कसा असणार? नानांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, माइकजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, ‘सर्वानुमते. मी आपला आभारी आहे.’ लोक ओरडायला लागले. एका म्हाताऱ्याने रागाने छत्री मिटली, तर त्याचा एकच हात खाली दिसला आणि तो नखशिखांत भिजला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हात वर केलेला अफाट जनसमुदाय.

इथं मी हसलो होतो, हे कबूल करतो. माझं त्यात काही जात नव्हतं तोवर मला नानांची गंमत वाटायची.

पांढरा दोरा शाळेचा. जेलरोडच्या एका शाळेत नानांना बोलावलं होतं, संसदेचं कामकाज कसं चालतं ते मुलांना सांगायला. त्या दिवशी नाना फार छान बोलले. कुणाला खूश करायचं नव्हतं, मुलांना मत नसतं, म्हणून असेल. त्यांनी सांगितलं, बहुतेक वेळा तिथं आवाजी मतदान होतं. ‘हो’वाले हो ओरडतात, ‘नाही’वाले नाही. कोण काय ओरडलं त्याची नोंद नसते. एवढ्या मोठ्या दिल्लीत नुसतं ओरडून कायदे होतात हे ऐकून, तिथला साउंडवाला कोण असेल, याचीच मला काळजी लागली. मग नाना म्हणाले, पण कुणी मोजणी मागितली, की यंत्रावर मत द्यावं लागतं. हिरवं बटन होकाराचं, लाल नकाराचं. आणि नुसतं ते दाबून भागत नाही. एका हाताने दुसरं एक बटन दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने मताचं, घंटा होईपर्यंत. दोन्ही हात लागतात.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, एकच हात लावला तर?

नाना म्हणाले, ‘मग मत जातच नाही, बाळ. तुम्ही तिथं असून नसल्यासारखे.’

आणि पुढे म्हणाले, यंत्र चुकलं किंवा आपण चुकलो, तर लगेच चिठ्ठी लिहून मत सांगता येतं. तिथं कुणाला बहाणा करायला जागाच ठेवलेली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पांढरा दोरा बांधला आणि डब्यात टाकला.

आता बाजीरावाकडे येतो. बाजीराव माझा मेव्हणा, मंडळीचा सगळ्यात धाकटा भाऊ. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामगार, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर. अंगाने किरकोळ, आवाजाने दणकट. त्याला माइक लागत नाही, म्हणून माझा त्याच्यावर थोडा राग आहे. त्या वर्षी विधेयक येणार होतं, की जुनी वीजकेंद्रं खासगी हातात द्यायची. खासगी आलं की पहिली कुऱ्हाड कंत्राटी माणसावर, हे सगळ्यांना दिसत होतं. बाजीरावाचं वय पंचावन्न. त्या वयात पट्ट्यावरून उतरवलं तर दुसरीकडे कोण चढवून घेणार?

त्याने कुणाकडून तरी कॉम्प्युटरवरून नानांच्या मतांचा कागद काढून आणला. कुठल्या कायद्याला नानांनी काय मत दिलं, त्याची यादी. माझ्या ओट्यावर बसून त्याने मला ती वाचून दाखवली. कुठं गैरहजर, कुठं तटस्थ, बाकी सगळीकडे नावापुढे नुसती रेघ, म्हणजे मत नोंदलेलंच नाही. बाजीराव म्हणाला, ‘दाजी, तुमचा नाना हाय तरी कोणत्या पार्टीचा? हजरवाल्यांच्या का गैरहजरवाल्यांच्या?’

मी तो कागद नेऊन नानांनाच दाखवला. मी असा माणूस आहे, मागून बोलत नाही. नानांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आणि समाधानाने परत दिला. म्हणाले, ‘रेघ आहे. डाग कुठंय का?’

त्यांना पुढच्या लोकसभेचं तिकीट हवं होतं, त्यासाठी एकलहऱ्याला कामगारांची सभा भरवून दाखवायची होती. उन्हाळ्याचे दिवस. मी भोंगे बांधले आणि नानांची गाडी आली, तर कामगारांनी रस्ताच अडवला. म्हणे, रेघवाल्याला इथं बोलू देणार नाही. गाडीच्या काचा खाली झाल्या, पुन्हा वर झाल्या. शेवटी बाजीरावाने तोड काढली. रस्त्याच्या कडेला खंडोबाचं छोटं देऊळ आहे. आमच्याकडे ज्या गोष्टीला कागद पुरत नाही तिथं बेलभंडार उचलायचा. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन देवाच्या साक्षीने जे बोललं ते मोडायचं नाही. बाजीराव म्हणाला, ‘बोलू द्या त्याला. पण बेलभंडार उचलून. आन जामीन कोण राहतो ते सांगा.’

नानांच्या बरोबरचे कार्यकर्ते बुटांकडे बघायला लागले. मी टेम्पोवर उभा होतो, हातात वायर. म्हटलं, मी राहतो. माझ्या माइकवर घेतलेली शपथ आहे, ती मोडली तर मला येऊन विचारा.

इतकी वर्षं ज्याचा कळवण आणि कॉलेज रोड एकाच दिवसात ऐकला, त्याला मी जामीन राहिलो. मला वाटलं, माणसाला नाही तरी देवाला तरी भिईल. इथं माझं शिक्षण कमी पडलं असं म्हणा हवं तर.

नानांनी चपला काढल्या. उजव्या मुठीत बेलभंडार घेतला, माइकसमोर आले. त्या दिवशी टिचकी मारली नाही. म्हणाले, या बेलभंडाराची आण, विधेयक आलं की मी विरोधात लाल बटन दाबीन. पक्षाने काढून टाकलं तरी बेहत्तर. लोकांनी भंडारा उधळला. माझं मशीन पिवळं झालं, ते मी चार दिवस पुसत होतो. बाजीरावाने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याने माझ्यापुढे मान हलवली ती तेव्हाच, पहिल्यांदा.

पावसाळ्यात विधेयक आलं आणि पास झालं. मोजणी झाली होती. बाजीरावाने पुन्हा कागद काढला. नानांच्या नावापुढे रेघ.

नानांच्या एका मताने ते पडलं नसतं, हे चौथीवाल्यालाही कळतं. बाजीरावालाही कळत होतं. पण त्याने मला जामीन धरलं होतं. तो माझ्या ओट्यावर आला, बसला नाही. म्हणाला, ‘दाजी, तुम्हाला येऊन विचारा म्हनले होते. आलो.’ तो गेला तो आमच्याकडे यायचा थांबला. नानांना फोन लावला की नाना मीटिंगमध्ये. दिवाळी आली. भाऊबीजेला मंडळीने तबक तयार केलं, निरांजनात तूप घातलं आणि दारात पाट मांडून बसली. दुपार कलली तरी बाजीराव आला नाही. तिने ते तबक तसंच देवघरात ठेवलं.

दिवाळीनंतर नानांचा निरोप आला. एकलहऱ्याला सभा आहे, भोंगे घेऊन ये. मी गेलो. मला ऐकायचंच होतं.

लोक जमले ते शिव्या द्यायलाच. नाना आले, एकही हार घेतला नाही. कपाळाला भंडारा. माइकसमोर उभे राहिले. मग उजव्या हाताची मूठ उंच धरली आणि उघडली. तळवा पिवळाधमक. म्हणाले, ‘त्या दिवशी सभागृहात या मुठीत तुमचा बेलभंडार होता. तो खाली कसा ठेवू? बाकावर ठेवू का देवाला?’

मग त्यांनी सगळं सांगितलं. डाव्या हाताने लाल बटन दाबलं, घंटा होईपर्यंत दाबून धरलं. बाहेर आल्यावर कळलं, की मत नोंदलंच गेलं नाही. त्या यंत्राला म्हणे दोन हात लागतात. ते मला ठाऊक नव्हतं हो, मी साधा माणूस. मला कुणी सांगितलंच नाही. आवाज भरून आला त्यांचा. शपथ मोडली असं तुम्हाला वाटत असेल तर मी आत्ता इथं उभा आहे, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडले. आता दोन्ही जोडले.

मग मागून कुणीतरी ‘येळकोट’ म्हणालं आणि सगळं मैदान उठलं. शिव्या द्यायला आलेली माणसं डोळे पुसत होती. दिल्लीत पक्षही खूश होता म्हणे. माणसाने ऐकलं नाही तर त्याला नोटीस देता येते, यंत्राला कशी देणार? मोडलं तर काहीच नव्हतं. विधेयक पास, शपथ शाबूत, पक्ष राजी, देव राजी.

मी मशीनजवळ बसलो होतो. आवाजाच्या काट्याकडे बघत होतो, नाना ओरडले की काटा लाल पट्ट्यात जात होता. आणि मला एका मुलीचा आवाज आठवला. एकच हात लावला तर?

सभा संपली. नाना गाडीपाशी गेले. एका कार्यकर्त्याने ओला रुमाल दिला, त्या रुमालाने त्यांनी उजवा हात पुसला, बोटांच्या मधलंसुद्धा. रुमाल पिवळा झाला तो त्यालाच परत दिला. मी वायर गुंडाळत होतो. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘आवाज बराबर होता ना, सुदाम?’

मी म्हटलं, ‘एकदम साफ, नाना. एक अक्षर खाल्लं नाही.’

ते हसले, गाडीत बसले आणि काच वर झाली. स्वच्छ केलेला हात काचेतून हलला. त्यानंतर नाना मला दिसले ते परवा पेपरातच.

घरी आलो तर बाजीराव आलेला. पाटावर बसला होता आणि मंडळी त्याला ओवाळत होती, भाऊबीज होऊन इतके दिवस झाले तरी. देवघरातलं तेच तबक. मी हात धुऊन आलो तसा तो उठून माझ्या पाया पडला. म्हणाला, ‘दाजी, माझं चुकलं. तुम्ही खोट्याला जामीन नव्हते राह्यले. देवापायी मत गेलं त्या माणसाचं.’

मी विचारलं, तुझ्या कामाचं काय?

म्हणाला, ‘जाईल ते जाईल. पण मानूस खोटा नाय निघाला, तेवढंच लय बरं वाटलं.’

मंडळीने त्याला पुरणपोळी वाढली. किती दिवसांनी ती हसत होती. माझ्याकडे बघून हसली, म्हणजे मलाही माफी होती. मी जेवलो. फळीवर बिस्किटाचा डबा होता, मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. मी गप्प राहिलो, तर माझं नाव धुतलं गेलेलं होतं, मेव्हणा घरात होता, नानांच्या सभा पुढेही माझ्याच होत्या. तोंड उघडलं, तर मी डोळे उघडे ठेवून एका खोटारड्याला जामीन राहिलो होतो, आणि तेही सगळं माहीत असताना, डब्यात बांधून ठेवलेलं असताना. लोक नानांना हसले असते, पण आधी मला.

बाजीराव समाधानाने जेवत होता. ते समाधान मला बघवेना. माझी अब्रू मला परत मिळाली होती, पण ती नानांनी दिलेली. नानांच्या हातची अब्रू घेऊन मला जगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली पाळी आत जायच्या आधी, मी टेम्पो घेऊन एकलहऱ्याला गेलो. खंडोबाच्या देवळाशेजारच्या खांबाला एकच भोंगा बांधला. कामगार चहा पीत होते, बाजीरावही होता. सगळ्यांना वाटलं, नाना परत येतायत. मी मशीन चालू केलं आणि माइक हातात घेतला. इतक्या वर्षांत मी त्यात ‘हॅलो, हॅलो’च्या पुढे कधी गेलो नव्हतो. म्हटलं, मी सुदाम. इथल्या शपथेला जामीन मी होतो. आता ऐका, आणि मग काय ते मला बोला.

पांढरा दोरा सोडला, पेनड्राइव्ह लावला आणि आवाज पूर्ण मोठा केला. तीन टिचक्या आल्या. मग नाना आले, प्रेमळ, समजावून सांगणारे. दोन्ही हात लागतात. मग त्या मुलीचा प्रश्न. मग उत्तर. मग चिठ्ठीचं. मग मुलांच्या टाळ्या.

चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह तेवढा वाजत होता. बाजीराव ग्लास तसाच हातात धरून टेम्पोपर्यंत आला. मी खाली उतरलो नाही. त्याला शिवी द्यायची असेल तर वर बघूनच द्यावी लागली असती. त्याने ग्लास बॉनेटवर ठेवला.

‘परत लावा, दाजी,’ तो म्हणाला. ‘मागच्यांना ऐकू नाय आलं.’

मी परत लावलं.